कुत्र्याचं पान

अविधवा नवमीला सुदेशने आईच्या म्हाळाचं कावळ्याचं पान दगडी गडग्यावर ठेवलं आणि तो मागे वळायच्या आत कावळे हजर झाले. कुणाला ताटकळत ठेवणं मालतीला जन्मात जमलं नाही, मग वर जाऊन तरी कसं जमावं, असं विमलाआते म्हणाली. गायीचं पान शेजाऱ्यांच्या गायीने खाल्लं. राहिलं ते कुत्र्याचं पान, आणि तिथे सगळं घोडं अडलं.

दरवर्षी हे पान मागीलदारी ठेवायचं. भात, भाज्यांचं खतखतं, वडे, वर खिरीची धार. ठेवणारा माणूस कंबर सरळ करून उभा राहीपर्यंत घरच्या बांगडो कुत्र्याने पान चाटूनपुसून लख्ख केलेलं असे. लहानपणी त्याने कोळणीच्या पाटीतला बांगडा पळवला होता, तेच नाव त्याला जन्माचं चिकटलं. मालती गेली तेव्हा तिच्या खोलीच्या उंबऱ्यावर तो बसून राहिला, आणि पुढची तीन वर्षं तिच्या नवऱ्याला, गोकुळदासांना, त्याचीच सोबत होती. या मे महिन्यात काजूचा हंगाम संपता संपता तोही गेला. आता पार्सेच्या त्या घरात गोकुळदास गावस एकटे होते आणि कुत्र्याच्या पानावर माश्या बसत होत्या.

पंगत मांडून झाली होती. धाकटा गौरेश बोलवायला आला, तर गोकुळदास पानासमोर तसेच उभे.

"बाबा, चला. सगळी खोळंबली असत."

"तुमी बसा. पान कोणी खाल्ल्याशिवाय मी कसो बसू?"

सुदेश रस्त्यावर जाऊन यू यू करत हिंडला. पण पितृपक्षातली गावची कुत्री म्हणजे धोंड्याच्या महिन्यातले जावई. दर दारी खीर, दर दारी वडे. एका घरी जेवली की दुसऱ्या घरी नुसता वास घेऊन पुढे जातात. शेवटी सुदेशची मुलगी गौरवी पान उचलून तिठ्यापर्यंत गेली. तिथल्या एका पोट सुटलेल्या कुत्र्याने भिडेखातर एक वडा खाल्ला. पंगत बसली तेव्हा भात निवून गेला होता.

गोकुळदास जेवले, पण आवाज आला नाही. हा माणूस सोलकढी वाटीला तोंड लावून अशी भुरके, की शेजाऱ्यांना घड्याळ बघावं लागत नसे. मालतीने उभ्या संसारात त्यांना कोपराने ढोसलं, लग्न होऊन आलेल्या सुनांसमोर लाज काढली, काही उपयोग झाला नाही. आज मात्र वाटी पानाशेजारी भरलेलीच राहिली. ती फक्त धाकट्या सुनेच्या, हर्षाच्या, ध्यानात आली.

*

हर्षा म्हापशाच्या एका प्राथमिक शाळेत शिकवत होती, आणि मुलांच्या तोंडावरून त्यांनी डबा खाल्ला की टाकला हे ओळखण्यात तिचा हातखंडा होता. रोज संध्याकाळी ती सासऱ्यांना फोन करी. जेवलात काय, असं विचारी. जेवलंय, असं ते सांगत. बांगडो होता तेव्हा त्या उत्तरामागे त्याची ॲल्युमिनियमची थाळी जमिनीवर खरवडत गेल्याचा आवाज यायचा. गोकुळदास एकाच टोपात दोघांचा भात लावत; कुत्र्याला उपाशी कसं ठेवायचं म्हणून चूल पेटायची आणि माणूसही जेवायचा. मे महिन्यानंतर फोनवर नुसतं घड्याळ ऐकू येऊ लागलं. एकदा ती न सांगता पार्सेला येऊन थडकली, तर गॅसवर दुधाचं भांडं आणि पाव विकणाऱ्या पोदेराकडचे दोन पाव, एवढाच स्वयंपाक होता.

तेव्हापासून तिने गौरेशच्या मागे लकडा लावला, की दिवाळी झाली की बाबांना फ्लॅटवर आणायचं. म्हाळाचं जेवण झाल्यावर सगळी सोप्यावर आडवीतिडवी पडली असताना गौरेशने तो विषय काढला.

सुदेशला तो मुळीच पसंत नव्हता. थोरल्याचा संसार डिचोलीत. खनिजाचे ट्रक होते तोवर त्याचं बरं चाललं होतं, खाणी बंद पडून ट्रक बसल्यापासून तो भाड्याची गाडी चालवत होता. त्याचं म्हणणं एवढंच, की घराला कुलूप लागलं की त्यात माकडं आणि नातेवाईक, दोन्ही शिरतात. मग बाबांकडे कोण बघणार, असं हर्षाने विचारल्यावर तो छताच्या वाशांकडे बघू लागला.

गोकुळदास खांबाला टेकून ऐकत होते. फ्लॅटमध्ये कुत्रा ठेवून घेतात काय, एवढंच त्यांनी विचारलं. सोसायटीचा नियम आहे, चालत नाही, असं गौरेश म्हणाला.

"मगे माका पण चालायचा नाय."

हर्षाला हसावं की रडावं कळेना. घरात कुत्रा नव्हताच. नसलेल्या कुत्र्याच्या जिवावर हा माणूस हट्ट धरून बसला होता.

पण गौरवीने ते शब्द वरच्यावर झेलले. आजोबांना कुत्रा आणूया, ते इथेच राहतील, असं ती म्हणाली, आणि सुदेशने इतक्या चपळाईने खिशातून फोन काढला की बापलेकीचं आधीच ठरलं असावं असं सगळ्यांना वाटलं. फोनवर एका पिल्लाचं चित्र होतं. निळे डोळे, अंगावर बर्फाळ मुलखातली लोकर. हस्की म्हणतात त्याला, एक माणूस महामार्गावर आणून हातात देतो, असं सुदेशने सांगितलं. गौरवीचा चेहराच पडला. असला कुत्रा तिच्या कल्पनेतही नव्हता. मे महिन्यात पार्सेच्या उन्हात त्याचं काय होईल, असं ती बापाला विचारू लागली.

इथवर विमलाआते भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती गोकुळदासांची थोरली बहीण, डिचोलीला दिलेली, आणि गावसांच्या घरातल्या आजवरच्या सगळ्या सोयरिकी तिच्या हाताखालून गेलेल्या. ती उठून बसली.

"पिल्याची आवय खय असा?"

आई उत्तरेत कुठेतरी असेल, असं सुदेश म्हणाला. बापाचं तर त्याला त्याहूनही कमी माहीत होतं.

"रस्त्यार आणून देतत? अरे, बांगडे घेताना पण मी कल्लो उघडून बघतंय. चेडवाक बघूक जाताना आमी काय करतंव? आधी आवशीक बघतंव. ती कशी बसता, कशी बोलता, घरातली तेका जेवूक घालतत काय नाय. जो आवय दाखयना, तेच्या घरची सोयरीक नाका."

सुदेश म्हणाला, आते, कुत्रा आणायचाय, सून नव्हे. सून वेगळी राहू शकते, कुत्रा राहत नाही, असं आतेने त्याला ऐकवलं, आणि गौरेश-हर्षाने एकदम आपापले चहाचे कप उचलले.

मग गौरवीने तिला ठाऊक असलेलं घर सांगितलं. डिचोलीत जनावरांच्या डॉक्टरने तिला योगिता नावाच्या बाईंचा पत्ता दिला होता. बाई आई दाखवतात, पण आधी घेणाऱ्याच्या घरची सगळी माणसं बघायला मागतात. अशा बाईला भेटायलाच हवं, असं विमलाआतेने ठरवून टाकलं. पितृपक्षात मात्र काही ठरवायचं नाही. घट बसू देत, मग बघू.

अशा रीतीने गावसांच्या घरात तह झाला. कुत्रा मिळाला तर बाबा पार्सेत राहणार. नाही मिळाला तर दिवाळीनंतर म्हापसा. मिळणार नाही अशी हर्षाची मनोमन खात्री होती, आणि त्या खात्रीचं तिला थोडं वाईटही वाटत होतं.

*

नवरात्रातल्या रविवारी सगळी आधी पार्सेला जमली आणि सुदेशच्या गाडीत कोंबून डिचोलीला निघाली. पुढे गोकुळदास, इस्त्रीच्या सदऱ्यात. मागे विमलाआते नऊवारी नेसून, मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि साखरेचा डबा. हे कशाला, असं गौरवीने विचारलं तर सोयरीक बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत, असं उत्तर मिळालं.

गौरेश खिडकीशी होता. मोपाच्या विमानतळावर त्याची नोकरी. म्हापशाहून तो रोज याच रस्त्याने कोलवाळचा पूल ओलांडून वर जाई. पार्सेचा फाटा रोज डाव्या हाताला येई. ड्युटी आहे, उशीर झालाय, रविवारी जाऊच की, असं म्हणत तो रोज सरळ पुढे जाई. घरापासून नोकरी लांब म्हणून फ्लॅट घेतला असं तो लोकांना सांगे, आणि खरं तर वडलांचं घर नोकरीच्या निम्म्या वाटेवर होतं. ही गोष्ट त्याने कधी मोठ्याने मोजली नव्हती. आज गाडी उलट्या दिशेने पूल ओलांडत असताना पुढच्या आरशात वडलांचे डोळे त्याला दिसले. नव्या शाळेत नेताना मुलाचे असतात, तसे. त्याला एकदम गलबलून आलं, आणि अस्नोड्यापर्यंत तो खिडकीबाहेरच्या पाट्या वाचत राहिला.

योगिताबाई मूळच्या कोल्हापूरकडच्या. नवरा, नितीन, डिचोलीच्या कारखान्यात कामाला लागला म्हणून त्या इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. घरामागे भिंत घातलेलं अंगण, अंगणात आंब्याची सावली, सावलीत एक पिवळी लॅब्रेडॉर कुत्री पाय पसरून झोपलेली. तिची पिल्लं जाळीपलीकडे एकमेकांच्या कानांना लोंबकळत होती.

विमलाआतेने साडीचा पदर खोचला आणि तपासणीला सुरुवात केली. कुत्रीच्या अंगावरून हात फिरवला, डोळे बघितले, कान हुंगले. ती कुत्रीही अशी की शेपूट हलवत आतेच्या मांडीवर हनुवटी टेकून बसली. पिल्लं निजतात कुठे, पाणी कोणत्या भांड्यात, आईला बाळंतपणानंतर आराम किती, असे एकामागून एक प्रश्न आतेने विचारले. योगिताबाईंनी सगळं दाखवलं. दोन वेतांत मोकळा काळ जाऊ देते, आणि हे हिचं शेवटचं, यापुढे ही नुसती खाऊन लोळणार, असं त्यांनी सांगितलं.

"घर बरा असा," विमलाआतेने भावाला निकाल दिला.

"झालं ना बघून तुमचं?" योगिताबाई खुर्ची ओढून समोर बसल्या. "आता मी बघते तुम्हाला."

ही कल्पना कुणीच केली नव्हती. गावसांची सगळी माणसं बाकावर ओळीने बसली आणि आतेने नकळत पदर सारखा केला.

गडगा किती उंच, कुत्र्याला दिवसभर साखळीला बांधणार काय, फिरवणार कोण, डॉक्टर किती लांब. इथवर गोकुळदास नीट उत्तरं देत गेले. मग बाईंनी विचारलं, आधीचं कुत्रं कशानं गेलं.

वजनाने, असं गोकुळदास हळूच म्हणाले. शेवटी पायांना अंग उचलेना, मग काळीजही थकलं. डॉक्टर सांगत होता, पण मी तर तेवढंच घालत होतो. सकाळी पेज, संध्याकाळी भात.

योगिताबाईंनी नजर फिरवली. "आणि बाकीच्यांनी?"

प्रथम गौरवी बोलली. ती आली की बिस्किटाचा पुडा असे, पण आजोबांना सांगत नसे. सुदेशने घसा खाकरून रविवारच्या मटणाची हाडं कबूल केली. गौरेश रविवारी येताना लोणी लावलेले पाव आणी. राहता राहिली विमलाआते. ती बराच वेळ नारळाची शेंडी विंचरत राहिली. घरात सोमवारी शिवराक, एकादशीला शिवराक, श्रावण तर महिनाभर. माणसांनी देवासाठी मासे सोडावेत, मुक्या जनावराने कुणाचं काय खाल्लंय, असं मनात येऊन तिने शेजारच्या बाईला सांगून ठेवलं होतं. शिवराकाच्या दिवशी शेजारीण गडग्यावरून त्याला सुके बोंबील टाकत असे.

"शेजारीण?" गोकुळदास म्हणाले. "अगो बाय, शिवराकाक मी तेका कोंबडीची अंडी उकडून घालय. तेचे हाल नको म्हणान."

म्हणजे श्रावणात माणसं सुकत होती आणि बांगडो सुटत होता. प्रत्येकाला वाटत होतं की या घरात कुत्र्याच्या पोटाची काळजी फक्त आपल्यालाच आहे. आधी गौरवीला हसू फुटलं, मग सुदेशला, आणि मग ते हसू बाकाच्या टोकाला गोकुळदासांपाशी पोचलं तेव्हा विरून गेलं.

"म्हंजे आमी सगळ्यांनी मिळान तेका मारलो," ते म्हणाले.

योगिताबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "मारलं नाही हो. लाड केला. पण लाड कुठं संपतो आणि पोट कुठं भरतं, ते कुत्र्याला कळत नाही. आपण कळून घ्यायचं असतं. घालणारा हात एकच पाहिजे, दोन वेळा, मापानं. बाकीच्यांनी हात मागं बांधायचे." मग त्या हर्षाकडे वळल्या. "तुम्ही काय घालत होता?"

"मी काय घालूक नाय. माका भंय दिसता कुत्र्यांचा," हर्षा म्हणाली, आणि ओशाळली. लग्न होऊन आल्यापासून ती बांगडोच्या जवळ कधी गेली नव्हती. तो आला की ती पाय वर घेऊन बसे.

योगिताबाई तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

*

पिल्लू मिळणार नाही, हे त्यांनी मग स्पष्ट सांगितलं. सगळी ठरलेली आहेत, आणि नसती तरी दिली नसती. वर्षभरात ते रेड्यासारखं होईल आणि आजोबांना उताणं पाडेल. पण दुसरं एक आहे. त्यांनी हाक मारली तशी घरातून एक कुत्री आली, आईच्याच रंगाची, शेवंतीच्या फुलासारखी पिवळी. नावही शेवंती. याच अंगणात जन्मली, एका चांगल्या घरी दिली होती. ती माणसं परदेशी गेली. ज्यांना जमत नाही त्यांनी दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही, माझ्याकडे परत आणायचं, हा माझा शब्द असतो, म्हणून ती परत आली. लस टोचलेली आहे, शिकवलेली आहे, ऑपरेशन झालेलं आहे.

"म्हणजे पिल्लां देवची नाय?" सुदेशने विचारलं. त्याच्या डोक्यात काय चाललं होतं ते अख्ख्या बाकाला दिसलं.

"एकही नाही," योगिताबाई म्हणाल्या, आणि गौरवीने बापाचा पाय दाबला.

विमलाआते मात्र शेवंतीकडे बघत होती. लग्नाच्या पहिल्याच वर्षी तीही अशी एकदा पार्सेला परत आली होती. वडलांनी दार उघडलं आणि काही न विचारता आधी पान वाढलं, हे या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ती स्वतः कधी बोलत नसे. आता तिने शेवंतीच्या कपाळावर हात ठेवला.

"परत इल्ल्या पोरीक जो दारात घेता, तेचा घर खरा," ती योगिताबाईंना म्हणाली.

शेवंती सगळ्यांना हुंगत हुंगत गोकुळदासांपाशी आली आणि त्यांच्या चपलांवर बसली. ते वाकले. त्यांचा हात तिच्या मानेवर असा गेला, जसा वर्षानुवर्षं जागा माहीत असलेला हात जातो. गौरेशने तोंड फिरवून आंब्याकडे बघितलं.

"एक विचारायचं राहिलं," योगिताबाई म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका. ही अजून दहा वर्षं जगेल. आजोबा, तुमच्या नंतर हिचं कोण?"

असला प्रश्न गावसांच्या घरात कुणी विचारला नव्हता. तो दिवाळीनंतर, घर, कुलूप, सोसायटी अशा शब्दांआडून फिरत राहिला होता. सुदेश म्हणाला, आम्ही सगळे आहोत की. सगळे म्हणजे कोण, असं बाईंनी विचारलं. त्याने गौरेशकडे बघितलं. गौरेश सोसायटीच्या नियमाबद्दल काही बोलू लागला आणि मध्येच थांबला. विमलाआते म्हणाली, मी तर याच्याही आधी जाणार.

"एकदा ती परत आलीये," योगिताबाई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा येताना कुत्र्याला काय होतं ते मी बघितलंय. एका माणसाचं नाव सांगा. नाहीतर मला देता येणार नाही."

गोकुळदास हळूहळू उठले. शेवंतीला चपलांवरून उठवताना त्यांनी तिची जणू माफी मागितली.

"बाईंचा बरोबर असा," ते म्हणाले. "तिका परत नाका. गौरेशा, दिवाळी झाली की मी येतंय म्हापशाक."

हर्षा जिंकली होती. महिनाभर ती हेच मागत होती. पण सासऱ्यांनी ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी फोनवर 'जेवलंय' म्हणणारा तोच आवाज. फ्लॅटवर हा माणूस असाच राहील, हे तिला लखलखीत कळलं. वाढलेलं खाईल, विचारलं तर बरं आहे म्हणेल, आणि सोलकढीची वाटी भरलेली राहील.

"माझा नाव घाला," ती म्हणाली.

सगळ्या माना वळल्या. तुला तर भीती वाटते, असं गौरेश पुटपुटला.

"दिसता. पण आमी पार्सेक येवन ऱ्हवतलंव. शाळेचा वर्ष संपला की. तुझी नोकरी तिथून जवळ पडता, आणि तुका ता माझ्या आधीपासून ठाऊक असा." ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, तुमका खयंच जावचा नाय. तुमच्या नंतरच्या गजाली आताच कशाक? पण हिचा कोण विचारलानी, तर मी."

गौरेशने मान डोलावली, आणि ती डोलावताना त्याच्या खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं.

योगिताबाई आत गेल्या आणि वाडगा घेऊन आल्या. मापाने घातलेलं खाणं. तो त्यांनी गोकुळदासांना न देता हर्षाच्या हातात ठेवला. "तुमच्या घरात न बिघडलेला हात तुमचा एकटीचाच. रोज आजोबा घालतील. पण ज्या दिवशी ते नसतील घरात, त्या दिवशी तुम्ही. धरा. ती बसेपर्यंत खाली ठेवायचा नाही."

शेवंती उठून उभी राहिली. वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरून हर्षाने वर्गात वापरायचा आवाज काढून बघितला. "बस." शेवंतीने जरा विचार केला. मग ती बसली. हर्षा वाकली, वाडगा ठेवला, आणि हात काढून घेता घेता कुत्रीच्या कानाला बोटं लागली. ती किंचाळली नाही. कान इतका मऊ असतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, असं ती नंतर गौरवीला म्हणाली.

विमलाआतेने पिशवी उघडली. योगिताबाईंच्या तळव्यावर साखर ठेवली, नारळ दिला. साखर शेवंतीलाही द्यावी म्हणून तिची बोटं पुन्हा डब्यात गेली. बाकावरच्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं, तशी तिने ती चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली.

*

दसऱ्याला शेवंती पार्सेला आली. सोनं वाटून माणसं आपापल्या घरी गेली. जाताना सुदेशने गडग्याचा पडलेला कोपरा उभा केला, गौरवीने बिस्किटांचा पुडा परत नेला, आणि विमलाआते शेजारणीला जाऊन काय सांगायचं ते सांगून आली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हापशाच्या फ्लॅटमध्ये हर्षाने फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर तो उचलला गेला, पण पलीकडून कुणी बोललं नाही. गोकुळदासांनी फोन घेतला होता आणि कुठेतरी टेकवून ठेवला होता. दोन्ही हात कामात असावेत.

"जेवलात?" तिने विचारलं.

ॲल्युमिनियमची थाळी जमिनीवर खरवडत भिंतीपर्यंत गेली, भिंतीला लागून थांबली, परत निघाली. हर्षा श्वास धरून ऐकत राहिली. थाळीच्या आवाजाने तिचं समाधान होत नव्हतं. ती आणखी कशाची तरी वाट बघत होती. आणि मग ते आलं. लांबलचक, निर्लज्ज, सोलकढीची वाटी तळापर्यंत ओढून घेणारं भुरकणं.

हर्षाने फोन स्पीकरवर टाकला आणि गौरेशला हाक मारली. तो आला. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी दोघं उभी राहिली आणि बाबांचं जेवण होईपर्यंत ऐकत राहिली.